फिटच्या गोळ्या संपतात तेव्हा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

'सध्या दहाच गोळ्या द्या, बाकीच्या पुढच्या बाजाराला नेतो.' औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले की हे वाक्य कानावर पडतेच. आम्लपित्ताच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल कोणी असे म्हटले तर फारसे बिघडत नाही. पण फिटच्या गोळ्यांच्या बाबतीत हेच वाक्य जिवावर बेतू शकते. ते का, हे आज समजावून घेऊ.

आमचे पहूर काही आडवळणाचे गाव नाही. वाघूर नदीच्या काठी पेठ आणि कसबे अशी दोन पहूर आहेत, जळगावहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा मोठा रस्ता गावातून जातो, ग्रामीण रुग्णालय आहे, मेडिकलची दुकाने आहेत. तरीही मेंदूच्या तज्ज्ञ डॉक्टरला दाखवायचे तर जळगाव गाठावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबत कोणीतरी लागते. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, म्हणजे आपली 'पीजे', चालू होती तोवर शेंदुर्णी, पहूरच्या लोकांना पाचोऱ्याला जाण्याचा तो स्वस्त मार्ग होता. २०२० मध्ये तीही थांबली. सांगायचे एवढेच, की गोळ्या चुकण्यामागे दर वेळी रुग्णाचा निष्काळजीपणाच असतो असे नाही. पण कारण कोणतेही असो, चुकलेल्या गोळीचा परिणाम मेंदूवर सारखाच होतो.

फिट, आकडी, फेफरे, मिरगी ही सगळी एकाच गोष्टीची नावे. वैद्यकीय भाषेत तिला अपस्मार म्हणतात. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी सूक्ष्म विजेच्या संदेशांनी बोलत असतात. या विजेचा एखाद्या भागात एकाएकी भडका उडाला की शरीर ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात, शुद्ध हरपते. काहींच्या बाबतीत एवढे काही दिसत नाही. मूल बोलता बोलता क्षणभर शून्यात पाहत राहते, हातातला घास तसाच राहतो, आणि पुन्हा जेवू लागते. हीसुद्धा फिटच. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य औषध नियमित मिळाले तर १०० पैकी ७० जण फिटविना राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यातला 'नियमित' हा शब्द महत्त्वाचा आहे. फिटची गोळी मुळात आजार बरा करत नाही. ती विजेच्या भडक्याला आवर घालते, आणि तोही रक्तात औषधाची ठरावीक पातळी आहे तोवरच. गोळी घेतली की पातळी वर जाते, तासागणिक उतरत जाते, आणि फार खाली जाण्याआधी पुढची गोळी यावी लागते. डॉक्टर 'सकाळी आठ, रात्री आठ' असे सांगतात ते यासाठी.

प्रत्येक औषध शरीरातून उतरण्याचा वेग मात्र वेगळा असतो. लेव्हेटिरासेटाम हे आता बरेच वापरात असलेले औषध सहा ते आठ तासांत निम्म्यावर येते. त्याची एक वेळ चुकली तरी फरक पडतो. उलट फिनोबार्बिटोन, म्हणजे बऱ्याच घरांत 'गार्डिनल' या नावाने ओळखले जाणारे जुने औषध, निम्मे व्हायला तीन-चार दिवस घेते. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाऊप्टमान या जर्मन डॉक्टरने झोपेचे औषध म्हणून ते रुग्णांना दिले आणि त्यांच्या फिट कमी झाल्याचे त्याच्या लक्षात आले. शंभर वर्षे उलटली तरी ते अजून वापरात आहे. स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळते. पण त्याचा हा संथपणा माणसाला फसवतो. गोळ्या संपतात. पहिला दिवस जातो, काही होत नाही. दुसरा, तिसरा जातो, तरी काही होत नाही. उलट सुस्ती कमी झाल्याने माणूस तरतरीत वाटतो. घरचे म्हणतात, 'पाहा, गोळीशिवायच बरा आहे.' आणि मग आठवडाभराने फिट येते, कधी एकामागून एक येत राहते. तोवर गोळी बंद केल्याचे कोणाच्या लक्षातही नसते. दोष जातो अमावास्येला, नाही तर शेताच्या बांधावर ओलांडलेल्या एखाद्या लिंबाला.

औषध एकाएकी थांबल्यावर येणाऱ्या फिट नेहमीच्या फिटसारख्या दोन-तीन मिनिटांत थांबतीलच असे नसते. पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट, किंवा मध्ये शुद्धीवर न येता पुन्हा पुन्हा येणाऱ्या फिट, याला डॉक्टर 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात. यात मेंदूला इजा होऊ शकते, माणूस दगावू शकतो. म्हणून फिटची गोळी मनाने बंद करायची नाही, हा या उपचारातला पहिला नियम.

एखादी वेळ चुकलीच तर? आठवताक्षणी ती गोळी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि पुढची वेळेवर घ्यावी. दोन्ही मिळून दुप्पट घेऊ नये. दोन-तीन वेळा सलग चुकल्या असतील तर अंदाज न करता डॉक्टरांना फोन करून विचारावे. काही औषधे, उदाहरणार्थ लॅमोट्रिजिन, काही दिवस बंद पडली तर पूर्वीच्या मात्रेने एकदम सुरू करता येत नाहीत, पुन्हा थोड्यापासून चढवत न्यावी लागतात.

गोळ्या संपण्यावर साधा उपाय म्हणजे पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या, शेवटची पट्टी फोडल्यावर नव्हे. कापूस वेचणीच्या हंगामात कोणाला वेळ नसतो आणि दिवाळीआधी कोणाच्या हातात पैसा नसतो, हे दोन काळ आधीच माहीत असतात. ऊसतोडीला किंवा सुरतेला कामाला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून दोन-तीन महिन्यांची औषधे आणि चिठ्ठीची एक प्रत सोबत न्यावी. ही औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा कायदा आहे, आणि परक्या शहरातला दुकानदार तो पाळतो तेव्हा त्याच्यावर रागावून उपयोग नाही. पहूरच्या किंवा जामनेरच्या सरकारी रुग्णालयातून औषध नेत असाल तर तुमचे औषध शिल्लक आहे का, हे जाण्याआधी विचारून घ्या.

गोळ्या ठेवायच्या कुठे, हाही खानदेशात प्रश्नच आहे. आपल्याकडचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छताखालच्या फळीवर ठेवलेल्या गोळ्या त्या उष्णतेत खराब होतात. पावसाळ्यात शत्रू वेगळा. कार्बामाझेपिनच्या गोळ्या ओल धरून कडक होतात आणि मग पोटात नीट विरघळत नाहीत, त्यांचा परिणाम बराच कमी होऊ शकतो. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या तर हवेतली ओल शोषून चिकट होतात. म्हणून गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नयेत. चुलीजवळ नको, मोरीजवळ नको, माठाजवळही नको. लहान मुलांसाठी पातळ औषध असेल तर बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा. फेनिटोइनचे पातळ औषध तळाशी बसते. न हलवता दिले तर सुरुवातीला मुलाला औषध कमी मिळते आणि बाटली संपत आली की फार जास्त. मोजण्यासाठी घरातला चहाचा चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे मापच वापरा. आणि ज्या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात त्या फोडून, कुटून देऊ नका. अशाने दिवसभराचे औषध एकदम अंगावर येते.

फेनिटोइन, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी असलेले 'एप्टॉइन', याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी त्याचा उपयोग दाखवून दिला. उत्तम औषध, पण त्याचा हिशेब सरळ नाही. आपल्याकडच्या जिनिंगचे उदाहरण घ्या. जिनिंग दिवसाला वीस गाड्या कापूस पिंजते असे समजू. अठरा गाड्या आल्या, एकोणीस आल्या, संध्याकाळी आवार रिकामे. पण रोज एकवीस येऊ लागल्या तर? वाढ फक्त एका गाडीची, पण रांग रोज वाढत जाते आणि महिन्याभरात रस्त्यावर येते. यकृताची फेनिटोइन जिरवण्याची ताकदही अशीच ठरावीक असते. तिच्या काठावर असलेल्या माणसाने रोज अर्धी गोळी मनाने वाढवली तरी रक्तातले औषध दुपटीवर जाऊ शकते. मग चालताना झोक जातो, जीभ जड होते, डोळे लुकलुकतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात. गावात अशा माणसाकडे पाहून 'दिवसाढवळ्या पिऊन आला' असे म्हणतात. त्याने थेंबही घेतलेला नसतो.

गोळीची कंपनी बदलण्याचा प्रश्नही इथेच येतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १९६८ च्या सुमारास फेनिटोइन घेणाऱ्या अनेक रुग्णांना एकाएकी विषबाधेची लक्षणे दिसू लागली. मात्रा तीच, रुग्ण तेच. शोध घेतल्यावर कळले, की गोळीतल्या औषधाबरोबर भरायची जी निरुपद्रवी भुकटी असते ती उत्पादकाने बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होते, त्याऐवजी लॅक्टोज आले, आणि औषध रक्तात पूर्वीपेक्षा जास्त शिरू लागले. याचा अर्थ स्वस्त जेनेरिक औषध वाईट असा मुळीच नाही. जनऔषधी दुकानातले औषध परवडते म्हणून नियमित घेतले जाते, यात रुग्णाचे हितच आहे. फक्त दर महिन्याला वेगवेगळी कंपनी नको. जी लागू पडली तीच मागा. गोळीचा रंग, आकार बदललेला दिसला तर काउंटरवरच विचारा, घरी जाऊन नव्हे. नावे सारखी असतात. लॅमोट्रिजिन हे फिटचे औषध आणि लॅमिव्ह्युडीन हे एचआयव्हीचे, यांत जगभर गोंधळ झालेले आहेत.

आता दुष्परिणामांविषयी. सुरुवातीची सुस्ती, थोडी गरगर बऱ्याचदा काही आठवड्यांत ओसरते. फेनिटोइनने हिरड्या वाढतात, त्यासाठी रोज दोनदा दात घासणे हाच मोठा उपाय. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात. लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड वाढते, काही उदास होतात. शांत मुलगा एकाएकी भांडू लागला की घरचे भगताकडे धाव घेतात. आधी औषधाचे नाव पाहावे. भगताकडे जाऊ नका असे सांगून कोणी ऐकत नाही, हे अनुभवाने कळले आहे. म्हणून मी एवढेच सांगतो, की कुठेही जा, अंगारा लावा, पण रात्रीची गोळी घेऊन मग जा. 'पुडीने फिट बंद, इंग्रजी औषध सोडा' असे सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. जडीबुटी म्हणून विकलेल्या पुड्यांमध्ये फिनोबार्बिटोनच मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. किती मिसळले, ते पुडी बांधणाऱ्यालाही ठाऊक नसते.

एका दुष्परिणामाला मात्र थांबायला वेळ नाही. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन, फिनोबार्बिटोन यांपैकी औषध सुरू झाल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठले, सोबत ताप आला, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उष्णतेचे फोड म्हणून तुळशीचे पाणी पाजत बसू नका. कावीळ, सतत उलट्या, न संपणारी गुंगी यांचेही तसेच.

दुसऱ्या औषधांशी होणारे भांडण हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. थोडक्यात सांगतो. क्षयरोगाच्या उपचारातले आयसोनियाझिड फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन यांची पातळी वाढवते, तर रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांची पातळी उतरवते. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल, जुलाबावर सर्रास दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सासिन यांनी फिट येण्याचा संभव वाढतो. म्हणून सर्दी-तापासाठी कोणाकडेही गेलात तरी 'मला फिटच्या गोळ्या चालू आहेत' हे पहिले वाक्य असावे.

श्रोतेहो, ज्या गोष्टीमुळे सर्वांत जास्त गोळ्या बंद पडतात ती मी अजून सांगितलेली नाही. ती म्हणजे लग्न. मुलीला फिट येतात हे स्थळापासून लपवले जाते. लग्नाच्या आठवड्यात धावपळ, हळदीची जागरणे, उपाशीपोटी विधी. सासरी गेल्यावर गोळ्या पिशवीच्या तळाशी दडवलेल्या. सासूच्या देखत रोज रात्री गोळी घेणार कशी? कोणी 'कसली गं?' असे विचारले तर काय सांगणार? मग एक दिवस आड, मग बंद. आणि महिन्याच्या आत, चुलीजवळ किंवा विहिरीवर, फिट. मुलगी भाजते किंवा बुडता बुडता वाचते आणि वर माहेरच्यांनी फसवले हा ठपका. मुलाच्या बाबतीतही लपवतात, पण त्याला निदान आपल्याच घरात गोळी घेता येते.

कायदा याबाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या जोडीला अपस्माराचाही उल्लेख आला आणि वारंवार फिट येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र ठरली. १९९९ मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. पुढे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट सांगितले, की अपस्मार हा असाध्य रोगही नाही आणि मनोविकारही नाही, घटस्फोटासाठी ते कारण होऊ शकत नाही. माझे मत असे, की लग्नाआधी दोन्ही घरच्यांनी डॉक्टरांसमोर बसून बोलावे. एखादे स्थळ मोडेल, ते मोडू द्यावे. उघडपणे गोळी घेता येईल असे घर मिळणे हा उपचाराचाच भाग आहे.

आणि हे बोलणे लग्नाआधीच व्हायचे आणखी एक कारण आहे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रीला दिवस गेले तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळते, आणि ३० ते ४० मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीत अडचणी येऊ शकतात. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना, स्त्रियांना हे औषध देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. तुमच्या मुलीला ते चालू असेल तर आजच बंद करू नका, पण पर्यायाविषयी डॉक्टरांना आजच विचारा. औषध बदलायला काही महिने लागतात, ते दिवस जाण्याआधी मिळायला हवेत. फॉलिक अॅसिडची गोळीही आधीपासून सुरू करावी लागते. दिवस गेल्याचे कळताच घाबरून सगळ्या गोळ्या फेकून देणे सर्वांत वाईट, कारण मोठी फिट आईला आणि पोटातल्या बाळाला दोघांनाही धोक्याची. पाळणा लांबवण्याच्या तोंडी गोळ्या, जसे माला-एन, या फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन चालू असताना भरवशाच्या राहत नाहीत. हे आरोग्यसेविकेला सांगून दुसरा उपाय घ्यावा. बाळाला अंगावर पाजायला मात्र बहुतेक औषधांत हरकत नसते.

उपास आणि जागरण यांचेही पाहावे लागते. श्रावणात कानबाईचे रोट असतात, रात्रभर गाणी असतात. झोप मोडली की फिट येणारे रुग्ण बरेच असतात. त्यांनी आरती करावी, प्रसाद घ्यावा आणि वेळेवर झोपावे. नवरात्राच्या उपासात गोळी आणि पाणी चालत नाही असे कोणत्याही देवीने सांगितलेले नाही. रमजानचे रोजे ठेवायचे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. काही औषधे सहरी आणि इफ्तारच्या वेळांत बसवता येतात, काहींना ते जमत नाही. दारूबद्दल मात्र तडजोड नाही. विहिरीत एकट्याने पोहणे, झाडावर चढणे, मोटारसायकल व ट्रॅक्टर चालवणे टाळावे. वाहन परवान्याच्या अर्जात फिटविषयी प्रश्न असतो, त्याचे खरे उत्तर द्यावे.

'मग गोळ्या जन्मभर का?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सर्वांना नाही. किमान दोन वर्षे एकही फिट आली नसेल तर डॉक्टर तपासण्या पाहून औषध कमी करण्याचा विचार करतात, आणि तेही महिन्यामहिन्याने, थोडे थोडे. काहींना ते जमते, काहींना पुन्हा सुरू करावे लागते. दोन वर्षे मोजताना चुकलेल्या गोळ्या आणि आलेल्या फिट कॅलेंडरवर लिहिलेल्या असल्या तर डॉक्टरांचे काम सोपे होते. घरात भिंतीवर कालनिर्णय असतेच.

आणि बसस्टँडवर कोणी फिट येऊन पडले तर कांदा, चप्पल काही हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली काही मऊ ठेवा, झटके थांबताच कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटे उलटली, फिट पुन्हा आली, इजा झाली किंवा बाई गरोदर असली तर १०८ ला फोन करा. रुग्णालयात नेताना घरातली गोळ्यांची पट्टी पिशवीत टाका, रिकामी असली तरी. तिच्यावर औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो हाच, की शेवटची गोळी कधी घेतली होती.